हवाईयन म्हणजे नक्की कोण? (आणि हवाईकर कोण?)

वाईकर

लेक मानोआच्या विद्यापीठात आहे, म्हणून यंदा आम्ही दोघं तीन महिने होनोलुलूला राहून आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाही, घाबरू नका. एकच शब्द घेऊन आलोय.

तिसऱ्याच दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. इथूनच नेलेली, निळ्या पट्ट्यांची साधी हवाई चप्पल. हवाईत येऊन हवाई तुटली म्हणून बायको दिवसभर हसत होती. लेकीने बाजारात नेलं. दुकानात साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. मी तुटकी चप्पल हातात धरून दाखवली तर म्हणाल्या, "स्लीपर पाहिजे?" अमेरिकेत याला फ्लिपफ्लॉप म्हणतात असं मी घोकून गेलो होतो, आणि ही बाई थेट माझ्या आईच्या तोंडचा शब्द बोलली! त्या भरात विचारून बसलो, "तुम्ही इथल्याच का? हवाईयन?"

बाईंनी हात हलवला. "छे छे. मी जपानी." मग माझा चेहरा बघून, "म्हणजे इथलीच. आजी-आजोबा उसाच्या मळ्यावर आले होते. जपान मी पाहिलाही नाही." आणि मागे खोकी रचणाऱ्या पोराकडे बोट केलं. "तो हवाईयन." पोराने हातातलं खोकं खाली न ठेवताच सांगितलं, "हवाईयन, चायनीज, पोर्तुगीज." एका दमात. आपण मुक्काम, पोस्ट, तालुका सांगतो तसं.

पैसे देताना गल्ल्यावर पाटी दिसली, 'कामाआइना' लोकांना दहा टक्के सूट. लेकीने तिथलं लायसन्स दाखवलं, तिला सूट मिळाली. मी अर्थ विचारला. कामा म्हणजे मूल, आइना म्हणजे भूमी. थोडक्यात भूमिपुत्र!

आता सांगा. दोन वर्षांपूर्वी गेलेली माझी पोरगी भूमिपुत्र, आणि तिथे तिसरी पिढी असलेली बाई हवाईयन नाही? एका दिवाळी अंकासाठी हा प्रसंग लिहितोय. 'दुकानातली हवाईयन बाई' लिहिलं होतं, ते खोडलं. पुढे काय लिहू ते कळेना. ज्याच्या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे त्याने धागा काढून शब्दाचा अर्थ विचारावा हे बरं दिसत नाही, पण विचारतोय.

शेंगदाणा

अननस घातला की हवाईयन. पुढचा प्रश्न?

मीठभाकर

वाईकर, मला यात खटकण्यासारखंच दिसतंय. तीन पिढ्या राहून बाईला 'मी जपानी' म्हणावं लागतं? आम्ही न्यू जर्सीत वीस वर्षं आहोत. मुलं इथे जन्मली, ती अमेरिकन. त्यांना कोणी 'तुम्ही अमेरिकन नाही' म्हटलं तर मी भांडेन. जन्माला आलात तिथले झालात, एवढा साधा नियम आहे.

मानोआ_मावशी

मी ओआहूवर (होनोलुलूचं बेट) अठरा वर्षं आहे, म्हणून लिहिते. काका, तुमची लेक कदाचित माझ्या ओळखीचीही असेल, इथली मराठी मंडळी एका पंक्तीला बसतील इतकीच आहेत.

मीठभाकर, नियम साधा आहे पण इथे लागू नाही. कॅलिफोर्नियात राहतो तो कॅलिफोर्नियन, टेक्सासचा टेक्सन. त्या धर्तीवर मुख्य भूमीवरचे अमेरिकन 'हवाईयन' म्हणून मोकळे होतात आणि इथे उतरल्यावर पहिली चूक हीच करतात. इथे हवाईयन हे राज्याचं नाही, वंशाचं नाव आहे. कॅप्टन कुक १७७८ साली आला, त्याच्या आधी जे लोक या बेटांवर होते त्यांचे वंशज ते हवाईयन. इथली वर्तमानपत्रंही बाकीच्यांना 'हवाईचे रहिवासी' लिहितात. ओबामा १९६१ साली होनोलुलूत जन्मले, शाळाही इथलीच, तरी इथे त्यांना कोणी हवाईयन म्हणणार नाही. गायक ब्रुनो मार्सचंही तेच. नट जेसन मोमोआ मात्र हवाईयन, आणि तो वाढला आयोवात!

बाकीच्यांसाठी शब्द नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत. नवखा तो मालिहिनी. रुळलेला तो कामाआइना. गोरा तो हाओले (स्वर बघून वापरायचा, शिवीही होऊ शकते). मळ्यांवर आलेल्या चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजुरांची जी पोरं-नातवंडं इथेच मिसळून गेली, ज्यांची स्वतःची मोडकी-तोडकी गोड बोली आहे, ती सगळी 'लोकल'. तुमची दुकानातली बाई पक्की लोकल. तिला 'मी जपानी' म्हणावं लागलं नाही हो मीठभाकर, ती सहज म्हणाली. हवाईयन म्हणवून घेतलं असतं तर दुसऱ्याचं काही उचलल्यासारखं झालं असतं. मागे खोकी लावणाऱ्या पोरासमोर तर नक्कीच.

आणि एक शब्द, जो मला फार आवडतो. हे लोक स्वतःला कानाका माओली म्हणतात, म्हणजे खरी, अस्सल माणसं. किंवा कानाका ओइवी. त्यातल्या 'इवी'चा अर्थ हाड. पूर्वजांची हाडं ज्या मातीत आहेत तिथले. माझ्या हुला नाच शिकवणाऱ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी पटकन म्हटलं, आमच्याकडे पण आहे! हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

वाईकर

मावशी, 'हाडाचे हवाईयन'! हे मी उचलणार.

मीठभाकर

मावशी, माहितीबद्दल आभार, पण वंशावर नागरिकत्व मोजणं कानाला बरं लागत नाही. हाच न्याय उद्या कोणी आपल्याला लावला तर?

बखरवाचक

मीठभाकर, वंशावर नागरिकत्व मोजायला हवाईयनांनी सुरुवात केली नव्हती. गंमत तिथेच आहे.

'हवाई' हे नाव मुळात एकाच बेटाचं, आज ज्याला बिग आयलंड म्हणतात त्याचं. तिथला राजा कामेहामेहा, त्याने एकेक करत बाकीची बेटं घेतली, १८१० मध्ये काउआईही त्याच्या छत्राखाली आलं आणि जिंकणाऱ्याच्या बेटाचं नाव सगळ्या राज्याला लागलं. त्या आधी माउईचा माणूस स्वतःला हवाईयन कशाला म्हणेल? साताऱ्याच्या माणसाला पुणेरी म्हणून बघा.

पुढे हे रीतसर राष्ट्र झालं. संविधान, परदेशांशी तह, वकिलाती. आणि राजाशी निष्ठेची शपथ घेतली की चिनी असो, अमेरिकन असो, तो हवाईच्या राज्याचा प्रजाजन. म्हणजे एकोणिसाव्या शतकात हवाईयन हे मीठभाकर म्हणतात तशा अर्थाने वापरता येत होतं, राष्ट्रीयत्व म्हणून. १८८७ मध्ये बंदुकीच्या धाकावर राजा कालाकाउआकडून नवं संविधान सही करून घेतलं, त्यात आशियाई लोकांचा मताधिकार गेला. हे करणारे साखरेच्या मळ्यांचे गोरे मालक आणि त्यांचे सगेसोयरे. त्यांनीच १७ जानेवारी १८९३ ला अमेरिकन नौसैनिकांच्या आडोशाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. त्यांच्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल. (शेंगदाणा, अननसवाला जेम्स डोल तो याच्याच चुलत भावाचा मुलगा. १९०१ मध्ये त्याने कंपनी काढली आणि १९२२ मध्ये लानाई जवळपास अख्खं बेट विकत घेतलं.) १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्ध अर्ज गेला, त्यावर २१ हजारांहून जास्त सह्या. आता हे बघा, १८९० च्या शिरगणतीत पूर्ण आणि मिश्र रक्ताचे मिळून हवाईयन उरले होते ४० हजारांच्या आसपास, बाकीचे गोऱ्यांनी आणलेल्या रोगांनी गेलेले. त्यात लेकरंबाळं धरली तर सही करू शकणारं कोण राहिलं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. १८९८ मध्ये विलीनीकरण झालंच.

राष्ट्र गेलं, तेव्हा शब्दातला राष्ट्राचा अर्थही गेला. वंशाचा उरला.

आणि तो वंश मोजायची फूटपट्टी अमेरिकन काँग्रेसने आणली, १९२१ मध्ये. हवाईयनांसाठी सुमारे दोन लाख एकर जमीन राखून ठेवली, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, वर्षाला १ डॉलर. अट अशी की निम्मं तरी रक्त हवाईयन पाहिजे. हा कायदा व्हावा म्हणून झटणारा राजपुत्र कुहिओ, त्याचा आग्रह याहून पुष्कळ कमी हिश्शाचा होता, मळेवाल्यांच्या वजनापुढे तो टिकला नाही. जितकं रक्त जास्त मागाल तितके दावेदार कमी, साधं गणित. पुढे मुला-नातवंडांना पट्टा चालवायचा तर पाव हिस्सा चालेल अशी सवलत आली. पण नवा पट्टा निम्म्यालाच. यादीत नाव घालून वाट बघता बघता माणसं मेली आहेत. आपल्याकडे जात पडताळणीसाठी कोतवाल बुक, शाळा सोडल्याचा दाखला, मोडीतल्या नोंदी शोधत फिरतात, तिथे खापरपणजीचा जन्मदाखला शोधत फिरतात. मुलाने हवाईयनेतर मुलीशी लग्न केलं की नातवाचा अपूर्णांक बदलतो.

तर कायद्यात आज दोन हवाईयन आहेत. एक हा निम्म्या रक्ताचा. दुसरा १७७८ आधीच्या रहिवाशांचा कोणताही वंशज, रक्त थेंबभर असलं तरी. १९९३ मध्ये अमेरिकेने राणीला पदच्युत केल्याबद्दल माफी मागितली, त्या ठरावात ही दुसरी व्याख्या आहे. क्लिंटनची सही आहे त्यावर. माफी मिळाली, राज्य नाही.

मीठभाकर

वाचतोय. हे माहीत नव्हतं.

शेंगदाणा

मी गंमत केली होती आणि इथे अख्खी साखर कंपनी आली. असो, माझं अर्धवट ज्ञान पुरं करतो. हवाईयन पिझ्झा हवाईत जन्मलेला नाही. कॅनडात, ओंटारिओतल्या चॅटहॅम गावात, १९६२ साली सॅम पानोपुलोस नावाच्या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्याने डब्यातला अननस पिझ्झ्यावर टाकून बघितला. नाव डब्यावरच्या ब्रँडचं. अननस दक्षिण अमेरिकेतला, पिझ्झा इटालियन, माणूस ग्रीक, गाव कॅनडाचं. मावशींच्या व्याख्येने यात हवाईयन रक्त शून्य टक्के, पट्टा मिळणार नाही.

कोथिंबीर_मोफत

😂 पट्टा मिळणार नाही!!

शर्टाचं पण तसंच ना? आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला 'हवाईयन डे' असतो. सगळे फुलाफुलांचे शर्ट घालून येतात आणि एचआरवाली गळ्यात प्लास्टिकच्या माळा घालते.

मानोआ_मावशी

तो शर्ट इथे 'हवाईयन शर्ट' नाही, 'अलोहा शर्ट'. १९३० च्या दशकात होनोलुलूच्या शिंप्यांनी आणि कापडवाल्यांनी किमोनोच्या कापडातून शिवायला सुरुवात केली, जपानी आणि चिनी दुकानं. इथे तो गमतीचा कपडा नाही. बँकेत, लग्नात, तेराव्यालासुद्धा (तेरावं नसतं, पण कळलं ना) पुरुष अलोहा शर्ट घालतात. नक्षी मंद असते, कित्येकदा कापड उलट्या बाजूने वापरतात म्हणजे रंग भडक दिसत नाहीत. भडक शर्ट घातलेला दिसला की समजायचं, कालच्या विमानाने आलाय.

माझ्या लक्षात आलंय ते असं. ज्या वस्तूच्या नावात बाहेरच्यांनी 'हवाईयन' घातलंय, तिला इथे दुसरंच नाव असतं. चपलेचं काकांनी सांगितलंच.

वाईकर

चपलेवरून आठवलं. लहानपणी मला वाटायचं, पायाला हवा लागते म्हणून हवाई.

बोका_नंबर_दोन

मला वाटायचं, आई हवेत फेकून मारते म्हणून.

कोथिंबीर_मोफत

नेमही चुकत नसे.

बखरवाचक

ब्राझीलमध्ये १९६२ पासून हावायानास नावाची चप्पल निघते, पोर्तुगीजमध्ये अर्थ 'हवाईच्या (बायका)'. तिच्या तळव्यावर तांदळाच्या दाण्यांची नक्षी असते, कारण मूळ घाट जपानी झोरीचा, ती भाताच्या पेंढ्याची. म्हणजे इथेही चप्पल जपानी, नाव हवाईचं. वाईकरांच्या दुकानातल्या बाईच्या बरोब्बर उलट.

सतारमेकर_गल्ली

धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण 'हवाईयन' म्हटलं की मला पिझ्झा नाही आठवत, वडील आठवतात.

आमच्या घरात गिटार दोन प्रकारच्या होत्या. स्पॅनिश आणि हवाईयन. छातीशी धरून वाजवतात ती स्पॅनिश, मांडीवर आडवी टाकून वाजवतात ती हवाईयन. वडील रेल्वेत होते. मिरजेला बदली झाली तेव्हा ती घेतली. तारा पडद्यांपासून उंच, कारण खाली दाबायच्याच नसतात. डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून घसरवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. कांडी रोज सुती फडक्याने पुसायचे. आम्ही हात लावला तर ओरडायचे नाहीत, नुसती काढून घ्यायचे. रविवारी सकाळी अंघोळ झाली की सतरंजीवर बसून रेडिओवरची गाणी काढायचे. शब्द नसायचे आणि तरी शेजारच्या काकू ओट्यावर भांडी घासताना बरोबर शब्द म्हणायच्या, कारण कांडी मींड घेते तशी गळ्यानेच घेता येते.

नंतर मी वाचत गेलो. पोलादी कांडीची ही युक्ती ओआहूवरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकू या पोराने १८८९ च्या सुमारास रूढ केली असं मानतात. गिटार त्याआधी बाहेरूनच आलेली. हवाईयन भाषेत तिला 'कीका किला' म्हणतात, कीका म्हणजे गिटार, किला म्हणजे स्टील. आणि कलकत्त्यात ही गिटार रुजवणाऱ्यांत मोठं नाव ताउ मोए यांचं, १९४० च्या दशकात ते सहकुटुंब तिथे राहत होते. बंगालमध्ये मग घरोघरी शिकवण्या निघाल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागदारी आणली. विश्वमोहन भट्टांनी तिचं रूप बदलून मोहनवीणा केली, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

मावशींना विचारतो, ताउ मोए जन्माने सामोआचे, वाढले लाइएत. त्यांना तुम्ही हवाईयन म्हणाल का?

मानोआ_मावशी

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून गलबललं.

नाही म्हणणार, सामोअनच म्हणतील. पण त्यांचं संगीत हवाईयन, यावर इथे कोणाचं दुमत नाही. माणसाचं विशेषण आणि वाद्याचं विशेषण एकाच मापाने मोजायला गेलं की घोळ होतो.

डेक्कन_बसाल्ट

भूविज्ञानात 'हवाईयन' हा उद्रेकाचा प्रकार आहे, याची नोंद व्हावी. स्फोट फारसा नाही, लाव्हा पातळ, कारंज्यासारखा उसळून निवांत वाहत जातो. तिथला किलाउएआ ज्वालामुखी बघा. लाव्हा वाहून थिजला की पृष्ठभाग गुळगुळीत, दोरखंडाच्या वळ्यांसारखा असेल तर पाहोएहोए, आणि खडबडीत, टोचरा असेल तर आआ. दोन्ही शब्द हवाईयन भाषेतले, जगभरच्या पुस्तकांत तसेच वापरतात. आणि आपण ज्या दगडावर राहतो त्यात हे आहेत! पश्चिम महाराष्ट्रात पाहोएहोए भरपूर. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे ताज्या कापावर नीट पाहा, एकावर एक चपटे लोळ दिसतात. मुलांना मी सांगतो, आमरसाची वाटी कलंडली की साय धरत धरत जसा पसरेल तसं.

आआचा उच्चार मुलं 'आ' असा एकच करतात. सरळ दोन आ, मध्ये थांबून. त्या थांब्यालाच तिथे अक्षर मानतात म्हणे. कोणी भाषावाला सांगेल का?

मोडी_शिकतोय

मी सांगतो. त्या थांब्याला ओकिना म्हणतात आणि ते रीतसर व्यंजन आहे. हवाईयन वर्णमालेत स्वर पाच, व्यंजनं ओकिना धरून आठ. तेरात कारभार! राज्याचं खरं नाव 'हवाइ-इ', शेवटच्या दोन इ'मध्ये घसा किंचित मिटायचा. आपण लिहितो ते 'हवाई' त्याच्या बरंच जवळ आहे, फक्त हवेशी आणि हवाई दलाशी गल्लत होते. त्या हवेचा याच्याशी काही संबंध नाही, ती अरबीतून आलेली.

हा थांबा म्हणजे गळालेला 'क' आहे. न्यूझीलंडचे माओरी आपल्या पूर्वजांच्या मूळ भूमीला हावाइकी म्हणतात. सामोआत सावाइ-इ नावाचं बेट आहे. सगळी नावं एकाच जुन्या शब्दाची लेकरं. स चा ह झाला (सिंधुचा हिंदू, सप्ताहचा हप्ता, आपल्याला नवं नाही), आणि क गळून तिथे नुसता घशाचा थांबा राहिला. म्हणजे 'हवाई' हे नाव हे लोक दक्षिणेकडून होड्यांतून आले तेव्हा बरोबर घेऊन आले. आपल्याकडे नव्या वस्तीला जुन्या गावाचं नाव देतात तसं.

आणि मजा म्हणजे 'हवाईयन' हा शब्द हवाईयन नाही. शेवटचा 'यन' इंग्रजीचा. म्हणून जी मंडळी हवाइ-इ लिहिताना ओकिना काटेकोर घालतात, ती 'हवाईयन'मध्ये घालत नाहीत.

या भाषेवर १८९६ मध्ये शाळाबंदी आली, शिक्षण फक्त इंग्रजीतून. त्याआधी शंभरभर हवाईयन वर्तमानपत्रं निघून गेली होती आणि जवळपास सगळा समाज साक्षर होता! मग दोन पिढ्यांत घराघरांतून भाषा गेली. खासगी मालकीच्या निइहाउ बेटावरच्या मोजक्या लोकांत ती सलग टिकली. १९७८ मध्ये राज्याच्या संविधानात तिला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला, १९८४ पासून पूनाना लेओ, म्हणजे 'आवाजाचं घरटं', या बालवाड्या सुरू झाल्या. तिथे वर्गात नुसती हवाईयन बोलतात. मराठी शाळांच्या पटसंख्येवर चर्चा करणाऱ्यांनी जरूर वाचावं.

(वाईकर, हवाईयनमध्ये 'वाई' म्हणजे गोडं पाणी. वाइकीकी म्हणजे उसळणारं पाणी. दुप्पट केलं, वाइवाइ, की संपत्ती. कृष्णेच्या घाटावर बसून विचार करा.)

वाईकर

मोडीराव, हे वाचून खरंच घाटावर गेलो होतो. पाणी आहे. उसळत नाही.

म्हापशेकार

हा धागा गोव्याच्या माणसाने शांत बसून वाचणं कठीण. 'गोंयकार कोण' यावर आमच्याकडे दर निवडणुकीला हेच. पणजोबांपासूनचे ते गोंयकार, बाहेरून आले ते भायले, आणि चाळीस वर्षं इथे दुकान चालवणारा स्वतःला काय म्हणवतो ते त्यालाच ठाऊक. आणि लिस्बनला किंवा लंडनला गेलेला? तो म्हणतो मीच खरा.

मतदानाचं तिथे काय झालं? वंशावर मतदान असं काही होतं ना?

बखरवाचक

होतं. हवाईयनांच्या कल्याणासाठी राज्याने एक कार्यालय काढलं, त्याच्या विश्वस्तांच्या निवडणुकीत फक्त हवाईयन वंशाच्यांना मत. फ्रेडी राइस नावाचा बिग आयलंडवरचा गोरा पशुपालक, ज्याचे पूर्वज राजाच्या काळापासून तिथे, तो कोर्टात गेला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने निकाल दिला की वंश बघून मत देता-नाकारता येणार नाही. खटल्याचं नाव राइस विरुद्ध कायेतानो. कायेतानो तेव्हाचे गव्हर्नर, फिलिपिनो वंशाचे. हवाईयन कोण यावरच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यात वादी हवाईयन नाही आणि प्रतिवादीही नाही!

म्हापशेकार

कायेतानो! आमच्याकडे वाड्यावाड्यावर एक कायतान सापडेल. हे नाव मासळीसारखं सगळीकडे.

मीठभाकर

मी माझं पहिलं विधान थोडं मागे घेतो. थोडंच. माझी मुलं अमेरिकन आहेत कारण त्या शब्दात कोणी आधीचा राहत नाही असं आपण धरून चाललोय, आणि तेही खरं नाही, न्यू जर्सीत आधी लेनापे आदिवासी होते. पण बखरवाचक, तुम्हीच सांगितलेल्या निम्म्या रक्ताच्या अटीचं समर्थन मला अजूनही जमत नाही.

बखरवाचक

मलाही नाही. बहुतेक हवाईयनांनाही नाही. त्यांच्याकडे वंशावळ मोजतात ती पूर्वजांची नावं सांगून, टक्क्यांनी नाही.

वाईकर

मंडळी, दोन दिवस डोकं खाल्लंत, आता माझा प्रस्ताव. मराठीला हा घोळ घालायची गरजच नाही. आपल्याकडे 'कर' आहे. मुंबईत राहतो तो मुंबईकर, मग तो कुठून का आलेला असेना. तसा हवाईत राहतो तो हवाईकर. दुकानातली बाई हवाईकर, ओबामा जन्माने हवाईकर, माझी लेकसुद्धा सध्या हवाईकर. आणि हवाईयन हा शब्द त्या पोरासाठी राखून ठेवायचा. कशी वाटते कल्पना?

मोडी_शिकतोय

छान आहे, पण 'कर' तुम्हाला वाटतो तितका साधा नाही. तुम्ही वाईत राहता म्हणून वाईकर. ज्याचं आडनाव वाईकर आहे तो वाईत राहतो का?

वाईकर

हाणलंत. आमच्या वर्गात एक वाईकर होता, घराणं चार पिढ्या नागपुरात. वाई त्याने सहलीला आल्यावर पाहिली. ढोल्या गणपतीसमोर उभा राहून म्हणाला, 'हे माझं गाव.' आम्ही खूप हसलो होतो.

मानोआ_मावशी

काका, मग तोच हवाईयन!

२०२० च्या जनगणनेत दिसलं की हवाईत जेवढे हवाईयन राहतात त्याहून जास्त बाहेर, मुख्य भूमीवर राहतात. इथली घरं त्यांना परवडत नाहीत. लास वेगासला एवढे गेलेत की त्याला नववं बेट म्हणतात. तिथे जन्मलेलं, समुद्र न पाहिलेलं पोरही हवाईयन. तो आडनावातला 'कर'. आणि माझ्यासारखी, जिला पोइ (अळूच्या कंदाचा लगदा) आवडायला सात वर्षं लागली, ती बोलण्यातला 'कर'. शेजारच्या आजीने पहिल्यांदा वाटीभर दिली होती, मी चोरून साखर घातली, तिने पाहिलं आणि काही बोलली नाही.

सतारमेकर_गल्ली

मग गिटारला काय म्हणायचं? हवाईकर गिटार नाही हो म्हणवणार माझ्याच्याने.

वाईकर

गिटार हवाईयनच राहू द्या. वडिलांनी जे म्हटलं तेच.

लेखात असं केलंय: 'दुकानात जपानी वंशाच्या एक हवाईकर बाई होत्या. मागे एक हवाईयन पोरगा खोकी रचत होता.' संपादकांचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाले, मुद्रितशोधकाला 'हवाईकर' ही चूक वाटली, त्याने पहिला 'ह' काढून 'वाईकर' केलंय.

बोका_नंबर_दोन

काका, म्हणजे छापून काय येणार, जपानी वंशाच्या एक वाईकर बाई?

वाईकर

फोन लावतोय.